चांद्रयान-३ ची स्थितिज ऊर्जा: एमजीएच आणि उणे चिन्हाचा हिशोब जुळत नाही

कक्षागणित (प्रश्न)

चांद्रयान-३ चं उड्डाण १४ जुलै २०२३ ला झालं. एलव्हीएम-३ या रॉकेटने यान ज्या कक्षेत सोडलं, तिचा पृथ्वीला सर्वांत जवळचा बिंदू म्हणजे उपभू १७० किमी उंचीवर होता आणि सर्वांत लांबचा म्हणजे अपभू ३६,५०० किमी उंचीवर. १५ ते २५ जुलैदरम्यान पाच टप्प्यांत ही कक्षा वाढवत नेली. पाचव्या टप्प्यानंतर ती साधारण २३६ × १,२७,६०० किमी झाली आणि १ ऑगस्टला यान चंद्राच्या वाटेला लावलं तेव्हा २८८ × ३,६९,३२८ किमी.

या आकड्यांवरून ऊर्जेचा हिशोब मांडताना तीन ठिकाणी गाडी अडते.

पहिलं, ३६,५०० किमी उंचीसाठी एमजीएच (वस्तुमान × गुरुत्वत्वरण जी × उंची) लावलं तर किलोमागे जवळपास ३५८ मेगाज्यूल येतात. उणे जीएम भागिले आर (जीएम म्हणजे गुरुत्वस्थिरांक × पृथ्वीचं वस्तुमान, आर म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापासूनचं अंतर) लावलं तर −९.३ येतात. एकाच जागेची ऊर्जा एकदा इतकी मोठी अधिक आणि एकदा छोटी उणे कशी?

दुसरं, यानाला वर न्यायचं आहे, म्हणजे स्थितिज ऊर्जा वाढवायची आहे. मग यान आधीच वर असताना, अपभूवर इंजिन चालवायचं सोडून बहुतेक वेळा ते खाली उपभूजवळच का चालवलं?

तिसरं, शेवटच्या कक्षेचीही एकूण ऊर्जा उणेच येते. उणे म्हणजे पृथ्वीला बांधलेलं. मग यान चंद्रापर्यंत पोचलं कसं?

दीर्घवर्तुळ

पहिल्या मुद्द्यात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. एक म्हणजे शून्य कुठे धरलं, आणि दुसरी म्हणजे एमजीएच कुठवर चालतं.

एमजीएचचं शून्य जमिनीवर आहे. −जीएम ÷ आर चं शून्य अनंत अंतरावर आहे. त्यामुळे त्यांची सुटी उत्तरं शेजारी ठेवून काहीच कळणार नाही. तुलना करायची ती दोन जागांमधल्या फरकाची. जमिनीवर किलोमागे −६२.५०, ३६,५०० किमी उंचीवर −९.३०, म्हणजे वर न्यायला लागणारी खरी ऊर्जा ५३.२० मेगाज्यूल. आता ही ५३.२० तुमच्या ३५८ शेजारी ठेवा. एमजीएच ६.७ पट जास्त सांगतंय.

ही ६.७ पट आली कुठून, ते नेमकं सांगता येतं. जमिनीवरचा जी तसाच ठेवून एमजीएच वापरलं, तर उत्तर बरोब्बर (१ + उंची ÷ पृथ्वीची त्रिज्या) इतक्या पटीने फुगतं. त्रिज्या ६,३७८ किमी धरा आणि उंची घालून बघा:

कळसूबाईचा माथा, १.६४६ किमी: चूक शेकडा ०.०२६
४०० किमीची कक्षा: चूक शेकडा ६.३
३६,५०० किमी: ६.७२ पट

धरण, घाट, लिफ्ट, पाण्याची टाकी, यांच्यासाठी एमजीएच निर्धास्त वापरा. काहीशे किलोमीटरच्या कक्षेला ते अंदाजापुरतं चालेल. त्याच्या पुढे ते हातात घेऊच नका.

यातून एक सुंदर गोष्ट निघते, ती पाठ्यपुस्तकात सहसा ठळकपणे दिसत नाही. एक किलो वस्तू जमिनीवरून थेट अनंतापर्यंत न्यायला ६२.५ मेगाज्यूल लागतात. जी शेवटपर्यंत ९.८ च राहिला असता, तर तेवढ्या ऊर्जेत ती वस्तू किती वर गेली असती? ६२.५ ला ९.८ ने भागा: ६,३७८ किमी, म्हणजे पृथ्वीची त्रिज्याच. हा योगायोग नाही. जीएम ÷ आर आणि जी × आर ही जमिनीवर एकच राशी आहे. पृथ्वीच्या ओढीची विहीर किती खोल आहे असं कुणी विचारलं, तर याहून नेमकं उत्तर मला माहीत नाही.

आकडेमोडीसाठी एक सोय सांगतो. सगळं किमी आणि सेकंदात ठेवा, पृथ्वीसाठी जीएम ३,९८,६०० घन किमी प्रति सेकंद वर्ग घ्या. उत्तर किमी वर्ग प्रति सेकंद वर्ग या एककात येतं आणि तेच किलोमागे मेगाज्यूल असतं. दहाचे घात सांभाळत बसावं लागत नाही.

उपभूवाला

दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. खरी मजा तिथे आहे.

दीर्घवर्तुळाकार कक्षेत स्थितिज आणि गतिज ऊर्जा सतत एकमेकींत बदलत राहतात, पण बेरीज हलत नाही. किलोमागची ही बेरीज काढायला दोनच अंतरं लागतात:

एकूण ऊर्जा = −जीएम ÷ (उपभूचं अंतर + अपभूचं अंतर)

अंतरं पृथ्वीच्या केंद्रापासून घ्यायची. पहिली कक्षा पाहू. उपभू ६,५४८, अपभू ४२,८७८, बेरीज ४९,४२६. ऊर्जा −८.०६. उपभूवर स्थितिज −६०.८७, म्हणून गतिज ५२.८१ आणि वेग १०.२८ किमी/से. अपभूवर स्थितिज −९.३०, गतिज फक्त १.२३, वेग १.५७ किमी/से. दोन्हीकडची बेरीज −८.०६ यायलाच हवी. ही पडताळणी कधी चुकवू नका.

आता इंजिन चालवून वेगात ०.१ किमी/से म्हणजे १०० मीटर/सेकंदाची भर घाला. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर चालते, त्यामुळे वाढ मिळते ती (वेग × भर + भरीच्या वर्गाचा निम्मा):

उपभूवर: १०.२८ × ०.१ + ०.००५ = १.०३ मेगाज्यूल
अपभूवर: १.५७ × ०.१ + ०.००५ = ०.१६ मेगाज्यूल

इंधन तेवढंच, मिळकत सहापटीहून जास्त. कारण कार्य म्हणजे बल गुणिले अंतर. इंजिनाचा रेटा दोन्हीकडे सारखाच, पण उपभूवर यान त्या रेट्याखाली एका सेकंदात दहा किमी कापतं आणि अपभूवर जेमतेम दीड.

ही जादा ऊर्जा फुकट आली का? नाही. उपभूवर जळणारं इंधन स्वतःही १०.२८ च्या वेगाने धावत असतं, त्याच्याकडे स्वतःची गतिज ऊर्जा असते. जळून मागे फेकलेला वायू विहिरीच्या तळाशी, कमी ऊर्जेत राहतो आणि त्याच्या वाट्याची ऊर्जा यानाला मिळते. तेच इंधन अपभूपर्यंत वाहून नेलं, तर यानाच्या बरोबरीने त्यालाही वर चढवावं लागतं. हिशोब पूर्ण जुळतो, फक्त तो मांडताना वायूला विसरायचं नसतं.

अपभूवर इंजिन चालवण्याचंही काम असतं, पण ते वेगळं. तिथे वेग वाढवला की समोरचा बिंदू, म्हणजे उपभू, वर उचलला जातो. भूस्थिर उपग्रह कक्षा गोल करायला नेमकं हेच करतात. चांद्रयानाला अपभू लांबवायचा होता, म्हणून जोर उपभूवर.

सातपुडा

@उपभूवाला, वरचं सगळं बरोबर आहे, पण त्यात वेगाची भर क्षणात घातली असं गृहीत धरलंय. पाच-सहा टप्पे का लागले याचं उत्तर नेमकं त्या गृहीतकात दडलंय, म्हणून जोडतो.

यानाचं वजन सुमारे ३,९०० किलो, मुख्य इंजिनाचा रेटा ४४० न्यूटन. भागाकार केला तर त्वरण ०.११ मीटर प्रति सेकंद वर्ग. पृथ्वीवरच्या जीचा जवळपास नव्वदावा भाग! पहिल्या कक्षेतून चंद्राच्या वाटेवरच्या ऊर्जेपर्यंत जायला उपभूवर आदर्श भर सुमारे ६६० मीटर/सेकंद लागते. एका दमात द्यायची तर इंजिन अंदाजे ९८ मिनिटं चालवावं लागेल. इंधन जळून यान हलकं होईल तसा वेळ थोडा कमी होईल, पण तासाच्या वर नक्की.

तेवढ्या वेळात यान उपभूजवळ थांबून राहत नाही. ही ९८ मिनिटं उपभूच्या अलीकडे-पलीकडे निम्मी-निम्मी वाटली तरी सुरुवातीला आणि शेवटी यान सुमारे ११,००० किमी उंचीवर असतं आणि वेग ५.५ किमी/से च्या आसपास उतरलेला असतो. हा अंदाज मूळ कक्षेवरून, इंजिनाचा परिणाम न धरता काढलाय, पण मुद्दा कळायला पुरेसा आहे. म्हणजे इंधनाचा मोठा वाटा अशा जागी जळतो, जिथे तोच रेटा निम्म्या मोलाचा आहे. शिवाय उपभूपासून लांब दिलेला जोर वेगाच्या दिशेत दिला तरी कक्षेचा आकार वेडावाकडा बदलतो, उपभू हलतो.

म्हणून थोडा जोर द्यायचा, एक किंवा अनेक फेऱ्या मारू द्यायच्या, यान परत उपभूला आलं की पुन्हा थोडा. पहिल्या कक्षेची एक फेरी पावणेअकरा तासांची होती, त्यामुळे मधल्या वेळात कक्षा नीट मोजून पुढचा टप्पा ठरवायलाही सवड मिळते.

कक्षागणित

खूप आभार. −जीएम ÷ (बेरीज) वापरून शेवटची कक्षा केली. ३,९८,६०० ÷ ३,६९,६१६, उत्तर −१.०८. हे ठीक वाटतं. पण त्यावरून उपभूवरचा वेग काढला तर ५२.६ किमी/से येतोय. हे उघड चूक आहे, पण पायरी कुठली चुकली ते सापडत नाही.

दीर्घवर्तुळ

२८८ आणि ३,६९,३२८ यांची बेरीज ३,६९,६१६. त्रिज्या मिळवायची राहिली. उंची जमिनीपासून असते, सूत्रातलं अंतर केंद्रापासून. दोन्ही बाजूंना ६,३७८ घातले की ६,६६६ आणि ३,७५,७०६, बेरीज ३,८२,३७२, ऊर्जा −१.०४.

ही चूक लबाड आहे. मोठ्या कक्षेत ती जवळजवळ लपून जाते: −१.०८ आणि −१.०४ यांत शेकडा साडेतीनचा फरक, डोळ्याला खटकणार नाही. पहिल्या कक्षेत तीच चूक केली असती तर −८.०६ ऐवजी −१०.८७ आलं असतं. आणि उपभूवर तर ३,९८,६०० ला २८८ ने भागायचं म्हणजे यान पृथ्वीच्या केंद्रापासून २८८ किमीवर आहे असं म्हणायचं. ५२.६ त्यातूनच आला. म्हणून तपासणी नेहमी उपभूवर करायची. तिथे कुठलीच चूक लपत नाही.

सहसा दिसणाऱ्या आणखी दोन चुका आत्ताच सांगून ठेवतो. बेरजेऐवजी निम्मी बेरीज, म्हणजे अर्धा मोठा अक्ष, भाजकात घालायचा आणि त्याला गुणणारा दोन विसरायचा: उत्तर नेमकं दुप्पट, −२.०८. आणि जीएम मीटरमध्ये, अंतर किमीमध्ये: ही लगेच कळते, कारण उत्तर अब्जावधीत जातं.

चंद्रकोर

तिसरा प्रश्न राहिला, तो घेते.

एकूण ऊर्जा −१.०४ याचा अर्थ इतकाच: पृथ्वीच्या ओढीतून कायमचं सुटायला किलोमागे अजून १.०४ मेगाज्यूल कमी पडतात. चंद्रापर्यंत जायला कायमचं सुटण्याची गरजच नाही. चंद्र स्वतः पृथ्वीला बांधलेला आहे. त्याच्या सरासरी अंतरावर, ३,८४,४०० किमीवर, पृथ्वीची स्थितिज ऊर्जा किलोमागे −१.०४ च्या आसपास आहे. यानाची एकूण ऊर्जा जवळपास तेवढीच ठेवली होती, म्हणजे यान तिथे पोचेल आणि पोचताना अंगात फारसा वेग उरणार नाही.

वेगात बघितलं तर ही ऊर्जा सुटकेच्या किती जवळ आहे ते कळतं. २८८ किमी उंचीवरचा मुक्तिवेग (कायमचं सुटायला लागणारा वेग) १०.९४ किमी/से, या कक्षेचा तिथला वेग १०.८४. फरक शंभर मीटर/सेकंदापेक्षा थोडा कमी! उपभूवर एवढीशी भर घातली असती तर अपभू अनंतावर गेला असता. म्हणूनच या टप्प्यावर इंजिन काही सेकंद जास्त चाललं तरी अपभू हजारो किलोमीटरने सरकतो.

आता चंद्राची बाजू. इथे हिशोबाची वही बदलावी लागते, कारण यान चंद्राच्या ओढीत शिरलं की शून्य चंद्रापासून मोजायचं आणि वेगही चंद्राच्या सापेक्ष घ्यायचा. चंद्र नसता तर अपभूवर यानाचा वेग ०.१९ किमी/से असता. चंद्र स्वतः पृथ्वीभोवती साधारण १.०२ किमी/से ने धावतो. दोन्ही एकाच दिशेने जाताहेत असं ढोबळ धरलं तर चंद्राला यान ०.८३ किमी/से ने येताना दिसतं, म्हणजे चंद्राच्या वहीत किलोमागे सुमारे +०.३४ मेगाज्यूल. अधिक! पृथ्वीच्या वहीत बांधलेलं यान चंद्राच्या वहीत मोकळं आहे. काही केलं नाही तर ते चंद्राजवळून वळून निघून जाईल.

म्हणून ५ ऑगस्टला चंद्राजवळ इंजिन उलट्या दिशेने चालवून ऊर्जा काढून घेतली. मिळालेली कक्षा १६४ × १८,०७४ किमी. चंद्रासाठी जीएम ४,९०३, त्रिज्या १,७३७ किमी घेतली तर एकूण ऊर्जा −०.२३. +०.३४ वरून −०.२३ वर आणायला चंद्राच्या जवळच्या बिंदूवर वेग साधारण २५० मीटर/सेकंदाने कमी करावा लागतो. आणि हेही जवळच्याच बिंदूवर, @उपभूवाला यांनी सांगितलेल्या कारणाने: वेग जास्त असतो तिथे तेवढ्याच इंधनात ऊर्जा जास्त निघते.

उपभूवाला

चंद्रकोर यांच्या मुद्द्याला उतरण्याचा आकडाही जोडतो, कारण इथे बहुतेकांचा अंदाज उलटा असतो. उतरण्याआधी विक्रमची, म्हणजे चंद्रावर उतरणाऱ्या लँडरची, कक्षा २५ × १३४ किमी होती. २५ किमी उंचीवरून खाली येणं म्हणजे मुख्य काम पडण्याला आवर घालण्याचं, असं वाटतं. पण त्या २५ किमीची स्थितिज ऊर्जा किलोमागे फक्त ०.०४ मेगाज्यूल आहे. कक्षेतला वेग तिथे १.६९ किमी/से, म्हणजे गतिज ऊर्जा १.४३, उंचीच्या पस्तीसपट. विक्रमच्या इंजिनांचं मोठं काम आडवा वेग मारण्याचं होतं. हवा नसल्यामुळे त्यासाठी पॅराशूटचा उपयोग नाही, सगळं इंधनानेच करावं लागतं.

सातपुडा

धाग्यात अजून एक नेहमीचा गोंधळ येईल, म्हणून आधीच लिहितो: वरच्या कक्षेतला उपग्रह हळू का चालतो, जर त्याला जास्त ऊर्जा दिलेली असेल तर?

वर्तुळाकार कक्षेत गतिज ऊर्जा स्थितिजच्या बरोबर निम्मी असते, चिन्ह उलटं. ४०० किमीवर: स्थितिज −५८.८, गतिज २९.४, वेग ७.६७ किमी/से. भूस्थिर कक्षेत, ३५,७८६ किमीवर: स्थितिज −९.४५, गतिज ४.७३, वेग ३.०७. वर जाताना स्थितिज ४९.४ ने वाढली. त्यातले निम्मे गतिज ऊर्जेतून गेले, निम्मे इंजिनाने दिले.

हेच उलट्या बाजूने विरळ हवेतल्या उपग्रहाला लागू पडतं. हवा त्याला मागे ओढते, एकूण ऊर्जा घटते, उपग्रह खाली घसरतो, आणि वेग वाढतो. हवेच्या विरोधाने वेग वाढला हे वाचायला चुकीचं वाटतं, पण घसरताना स्थितिज ऊर्जेतून जेवढं सुटतं, त्यातलं निम्मंच हवा खाते. उरलेलं निम्मं वेगात जातं.

कक्षागणित

त्रिज्या घालून पुन्हा केलं. कुणाला वापरायचं असेल तर, सगळं किलोमागे मेगाज्यूल, वेग उपभूवरचा:

जमिनीवर, श्रीहरिकोटा: स्थितिज −६२.५०, पृथ्वीच्या फिरण्यामुळे गतिज ०.१०, एकूण −६२.४०
१७० × ३६,५००: एकूण −८.०६, वेग १०.२८
२३६ × १,२७,६००: एकूण −२.८४, वेग १०.७२
२८८ × ३,६९,३२८: एकूण −१.०४, वेग १०.८४

एक शंका. यावरून रॉकेटने ५४.३ दिले आणि यानाच्या स्वतःच्या इंजिनाने फक्त ७.० असं दिसतं. हे बरोबर आहे ना?

दीर्घवर्तुळ

बरोबर आहे. ६१.४ पैकी ५४.३, शेकडा ८८ च्या वर. फक्त ही यानाला प्रत्यक्ष मिळालेली ऊर्जा आहे, रॉकेटने खर्च केलेली नव्हे. हवेचा विरोध, चढताना जीच्या विरुद्ध नुसतं तोलून धरण्यात गेलेला रेटा, आणि मागे टाकलेल्या टप्प्यांनी व वायूने नेलेली ऊर्जा यात कुठेच दिसत नाही. कक्षेच्या दोन अंतरांवरून ती काढताही येत नाही. त्यासाठी इंधनाचं वजन आणि वायूचा वेग घेऊन वेगळा हिशोब मांडावा लागेल. तो या धाग्यात न घालता नवीन धागा काढा, इथे आकड्यांची सरमिसळ होईल.